उपसरपंचाची रिकामी खुर्ची

पंचायतीत शिपाई म्हणून लागलो तेव्हा वाटलं, झाडलोट करायची, साहेबांपुढं शिक्का ठेवायचा अन् घरी जायचं. किश्शांचा एवढा ढीग साचेल हे कुणाला ठाऊक होतं राव! त्यातले निम्मे एकट्या उपसरपंचाच्या खुर्चीचे.

आमचं गाव पिंपळवंडीच्या पलीकडं. मेंबर सात, खुर्ची एक. मग ठरलं, प्रत्येकानं आठ महिने बसायचं अन् राजीनामा द्यायचा. म्हणजे दर आठ महिन्यांनी खुर्ची रिकामी, सभेची नोटीस, अन् गावभर वणवण माझी!

हिराआक्काचा नंबर शेवटचा. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. मेंबरांतले पुढारी बबनभाऊ तिला गोड आवाजात म्हणाले होते, "आक्का, तुमी सवडीनं बसा." आक्का भांडली नाही. पण प्रत्येक सभेनंतर मला विचारायची, "आता किती ऱ्हायले रं माझ्या आदी?"

*

सभेची नोटीस बोर्डावर लावायची असते. पहिल्या वेळी लावली, तर दुपारी शाळेतले मास्तर तणतणत आले.

"नोटीस का नाही लावली?"

"लावलीय की, बोर्डावर."

"बोर्ड कुठंय?"

"ऑफिसात."

"ऑफिसला तर कुलूप आहे!"

"मग? नोटीस कुणी फाडून नेली म्हंजे?"

*

नोटीस प्रत्येक मेंबरच्या हातात देऊन सही घ्यावी लागते. एकदा एका मेंबरला भाऊंनी दडवून ठेवलं, नंबरावरनं रुसलेल्यांनी फोडू नये म्हणून. कुठं? तर निमगाव सावाला, त्याच्या सासुरवाडीत! मी उन्हातान्हाचा तिथं पोचलो. सासूबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या.

"जावई आमच्याकडं आलंच न्हाईत. लई दिस झालं."

तेवढ्यात आतून आवाज, "मामी, च्या टाका त्याला, लांबनं आलाय!"

सही घेतली. चहाही झकास होता.

*

एका निवडीला नंबर आधी कुणाचा यावरनं दोन अर्ज आले अन् गुप्त मतदान झालं. निवड घ्यायला तालुक्याहून आलेल्या साहेबांनी चिठ्ठ्या वाटल्या. आमचे नाना, सगळ्यात जुने मेंबर, चिठ्ठीवर खूण करून थेट खिडकीशी गेले अन् बाहेरच्या गर्दीला ती उंच धरून दाखवली.

"बगून घ्या रं! मागनं म्हणाल, नाना फुटला."

साहेब ओरडले, "अहो, मत गुप्त ठेवायचं असतं!"

"का? मी काय चोरी केलीय?"

मत बाद. दोन्हीकडं तीन-तीन झाली, ईश्वरचिठ्ठी काढली, अन् नानांचाच माणूस पडला!

*

शेवटी आला एकदाचा आक्काचा नंबर. तेव्हा भाऊंच्या मनात आलं की पुढची निवडणूक तोंडावर आलीय, खुर्ची आपल्याच माणसाकडं पाहिजे. मला लई वाईट वाटलं. पण शिपायाला कोण विचारतंय?

सभेच्या दिवशी अर्ज द्यायची वेळ दहा ते बारा. सकाळीच आक्का सोडून सहाही मेंबर भाऊंच्या मळ्यात जमले, नाव ठरवायला. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत टाकले. मला आधीच सांगून ठेवलेलं, "वेळ संपत आली की फोन कर."

आक्का बरोबर दहाला आली. अर्ज दिला अन् बाकावर बसून राहिली.

साडेअकराला मी भाऊंना फोन लावला. बंद. नानांना लावला, बंद. सहाही बंद! मळ्यावर पळत जाऊ का, म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, "तू जागेवर थांब." खरं सांगतो, मीपण फार आग्रह धरला नाही.

बारा वाजले. साहेब म्हणाले, "अर्ज एकच. बिनविरोध."

सव्वाबाराला धुरळा उडवत गाड्या आल्या. पुढं भाऊ, एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात पिशवी. मागं बाकीचे मेंबर. साहेबांनी निकाल सांगितला तसा भाऊंचा चेहरा पडला. माझ्यावरच खेकसले, "फोन का न्हाई केलास?"

"केला की भाऊ. समद्यांना केला."

सगळे पिशवीकडं बघायला लागले. 

आक्का उठली. पदर डोक्यावर घेतला, भाऊंच्या समोर जाऊन उभी राहिली अन् मान वाकवली.

"घाला की, भाऊ. कवाधरनं धरून उभं हायसा, हात भरून येत्याल!"