न ऐकण्याची नोकरी

टेलिफोन खात्यातल्या यशवंतअण्णांची आणि माझी ओळख टिळकवाडीत, माझ्या मुक्या पडलेल्या फोनमुळे झाली. खांबावर चढलेले अण्णा तपासणीचा रिसीव्हर कानाला लावत आणि कुणाचा आवाज आला की लगेच काढून खाली सांगत, "माणूस बोलतोय. थांबा जरा." मी वैतागून म्हणालो, "ऐका की, फुकटची करमणूक!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेवढ्यापुरता मी विनोदी लेखक उरलो नाही.

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या आईचे हे चिरंजीव पुढे फायबरच्या जोडणीत वाकबगार झाले. थोरल्या मेहुणीबाईंनी एकदा गळ घातली, "दाजी, जावई कुणाशी लई बोलतोय, तेवढं बघा की. तार तुमच्याच हातात हाय न्हवं?"

"हाय. म्हणूनच न्हाय बघायचं, आक्का."

मेहुणीबाईंनी वर्षभर अबोला धरला.

फायबरमधून बोलणं प्रकाशाच्या रूपात जातं. प्रत्येक जोडावर तो प्रकाश किंचित घटतो, आणि कोणता जोड कुठे, हे अण्णांना तोंडपाठ. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना निपाणी रस्त्यावर, जोड नसलेल्या जागी त्यांना तपासणीच्या यंत्रावर प्रकाश घटलेला दिसला. तिथल्या चेंबरचं झाकण उघडलं, तर एक धागा वाकवून चिमट्यात धरलेला. त्या बाकातून निसटणारा प्रकाश, म्हणजे गावोगावचं बोलणं, कुणीतरी टिपून घेत होतं.

साहेब म्हणाले, "अण्णा, लाइन चालू हाय, तक्रार न्हाय. ओके लिहा अन् सही करा. हितल्या लोकांची कसली आलीत गुपितं?"

"सासरचा जाच पोरगी आईला फोनवरच सांगती, साहेब. ते गुपित न्हाय व्हय?"

पुरावा हलू नये म्हणून अण्णांनी चिमट्याला हात लावला नाही. जागा, वेळ, सही, सगळं लेखी दिलं. अशी चूक सभ्य माणसंच करतात. खात्याचं तपास पथक पोचलं तेव्हा चिमटा नाहीसा झाला होता. धाग्यावर ओरखडा उरला होता, आणि कागदावर झाकण उघडणाऱ्याचं एकच नाव. चौकशी अण्णांचीच सुरू झाली. जन्मभर दुसऱ्याचं न ऐकणाऱ्या माणसावर चोरून ऐकल्याचा आळ!

अण्णांच्या साठीनिमित्त काढलेल्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितले, तेव्हा कित्येक सहकाऱ्यांना एकाएकी कामं निघाली. काहींनी 'फोनवर नको' म्हटलं; लाइन सुरक्षित नसते, हे त्यांना आता पटलंय.

परवा मी अण्णांना विचारलं, "लिहून दिल्याचा पस्तावा होतो?"

"लिहिल्याचा न्हाय. चिमटा तवाच काढला असता, तर तेवढे दिवस लोकांचं बोलणं तरी वाचलं असतं."

अण्णांना साठ वर्षं पूर्ण झाली. चौकशीने तिसऱ्या वर्षात पदार्पण केलं असून तिची प्रकृती ठणठणीत आहे. अण्णांना तिच्याहून निरोगी आणि तिच्याहून दीर्घ आयुष्य लाभो.