रामाला दिलेलं कारलं

कोपऱ्यात बस वं यमे, आणि हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस, सासू ऐकेल. मागच्या आठवड्यात मी उमरेडला आले तेव्हा तुझ्या पदराला बिडीचा वास होता. पोटात पोर असताना ही बुद्धी तुला काहून सुचली? रागावते खरी, पण तुझ्या या आत्यानंही अकरा वर्षं बिडी ओढली आहे, म्हणून सगळं लिहिते.

माझी दाढ ठणकत होती, तेव्हा सासूबाईंनीच पहिली बिडी दिली. दाढ पडली, बिडी राहिली. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलं की एक हात रहाटावर, दुसऱ्यात बिडी. सुताला वास लागतो म्हणून हे ओरडायचे, मी हसायची. मग खोकला लागला. सकाळी काळपट कफ पडायचा. विहिरीवरून हंडा आणताना तीनदा टेकायची. वैद्यबुवा म्हणाले, "बाई, छातीत धूर भरलाय. हे थांबलं नाही तर पोरीचं लग्न तू पाहणार नाहीस." पोर तीन वर्षांची होती. घरी येऊन रडले, आणि रडता रडता एक पेटवली. असं असतं ते.

कार्तिकात आम्ही बायका बैलगाडीनं रामटेकला निघालो. तीर्थाला गेलं की आवडीचा एक जिन्नस सोडायचा, तुला ठाऊकच आहे. कन्हान नदीच्या काठी भाकरी खाताना मी सांगून टाकलं, मी कारलं सोडणार. नणंद म्हणाली, "वैनी, कारलं तर तुम्ही आताही पानाबाहेरच ठेवता." सगळ्या हसल्या, मीही हसले. बिडीचं बंडल कमरेला खोचलेलंच होतं.

गडाच्या अर्ध्या पायऱ्यांवर माझा श्वास अडकला. बायका पुढे गेल्या होत्या. तोंड उघडं, पण हवा आत जाईना, डोळ्यांपुढे अंधारी. पोरीचा चेहरा तेवढा दिसत होता. रामाचं नावही आठवलं नाही, खोटं कशाला लिहू? तेवढ्यात पाठीवर हात पडला. एक म्हातारी मोळी खाली टाकून शेजारी बसली होती.

"घाबरू नको वं. चूल फुंकते ना, तशी हळू फुंक. श्वास आपोआप येते."

मी फुंकत राहिले, ती पाठ चोळत राहिली. श्वास आला. मग तिनं विचारलं, "रामाले काय देऊन राहिली?"

"कारलं."

ती खो खो हसली. "त्याच्यापाशी कारल्याचा ढीग झाला असंल. कमरेचं दे ना मले."

तिनं हात पुढे केला आणि मी बंडल काढून दिलं. कसं दिलं, ते आजही कळत नाही.

दर्शन घेऊन उतरले तेव्हा पायरी रिकामी होती. गडावर मोळीवाल्या पुष्कळ, आणि बिडीचा वास कोणालाही येतो, हे मलाही समजतं. पण त्या हाताची ऊब आठवली की अजून अंगावर काटा येतो.

पुढचा महिना फार वाईट गेला. पोरीवर खेकसायची, एकदा तर उकिरड्यावरचं थोटूक उचललं. मग हळूहळू फुंकत बसायची, तलफ निघून जायची. खोकला गेला, भाकरीला चव आली. पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना मला रामाकडे काही मागवेना, नुसते डोळे वाहत होते.

सोडायला अंगात जोर लागतो असं मला वाटायचं. त्या दिवशी तर उभं राहायचाही जोर नव्हता, आणि तेव्हाच ते हातून सुटलं.

तुझा धूर पोटातल्या जिवालाही पोचतो, यमे. एकटीनं जमत नसेल तर लाजू नकोस. महिनाभर माझ्याकडे राहा, पाठ चोळायला मी आहे. लवकर ये वं.