यमुनाबाईंना दिलेलं पाकीट

फुलांची पाटी काट्यावर ठेवण्याआधी यमुनाबाई ती गदागदा हलवायच्या. खाली पाणी ठिबकायचं. वजन वाढावं म्हणून बाकीचे झेंडूवर पाणी मारत, या ते झटकून टाकत. "पाण्याचे पैसे घेत नाय आमी. आमी काय टँकरवाले हाये का?" मी नाशिकच्या एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक. त्या मखमलाबादहून फुलं आणत.

नव्वदच्या दशकात एका लग्नसराईची सगळी फुलं आम्ही त्यांच्याकडून उधारीवर घेतली. मांडवात पैसे मागणं अशुभ, म्हणून त्या सराईभर गप्प राहिल्या. शेवटी कार्यालयाच्या मालकाने, आमच्या शेठने, आचारी, मांडववाले, फुलवाले यांचा सत्कार केला. शेठाणीने यमुनाबाईंची ओटी भरली, शेठने त्यांच्या हाती पाकीट दिलं, फोटो निघाला. पाकिटात शकुनाचे एकशे एक रुपये होते. ते मीच भरले होते.

उधारीचं मात्र शेठ आज-उद्या करत राहिला. वैतागून यमुनाबाईंनी दिवाणी कोर्टात दावा लावला.

"बाई, लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू द्या. मी काय भीक मागायला चालले का?"

कोर्टात शेठच्या वकिलाने तो फोटो पुढे केला. सगळा हिशेब त्याच पाकिटात चुकता केला, म्हणे. फोटोत यमुनाबाई हसत होत्या. साक्षीला मी उभा राहिलो. माझं बिऱ्हाड कार्यालयाच्याच मागच्या खोल्यांत होतं, याची शेठने मला आठवण करून दिली होती.

"पाकिटात काय होतं?" वकिलाने विचारलं.

"हिशेबाची रक्कम," मी म्हणालो.

दावा फेटाळला गेला. शेठने पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर यमुनाबाईंनी मला गाठलं. "शेठचं सोडा, त्याचा धंदाच हाये. भाऊसाहेब, तुमाला किती दिले?"

"काहीच नाही."

"मंग लय स्वस्तात गेले तुमी."

नोकरी सुटल्यावर थोडे पैसे घेऊन मी त्यांच्या मळ्यात गेलो. त्यांनी नोटांना हात लावला नाही. "भावकी मला लबाड म्हणती. सुनेच्या माहेरापर्यंत गेलंय. पैसे ऱ्हाऊ द्या. मी लबाड नाय, येवढं चार माणसांत सांगा." सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. माझा मुलगा तेव्हा शेठकडेच कामाला होता.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा दशक्रियेला गेलो. गोदाकाठी सगळी भावकी जमली होती. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "म्हातारी कष्टाळू होती हो. तेवढी कोर्टात लबाडी करायला नको होती."

सांगायची जागा तीच होती, माणसंही तीच. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चालायचंच."

यमुनाबाईंना त्या फुलांचे पैसे कधीच मिळाले नाहीत. कोर्टात खोटं बोललो तो मी.