ऑर्विलच्या प्रेसचा दांडा

ऑर्विल टटलनं दुकानातून आणलेली वस्तू शोधायची तर बायकोच्या बोटातल्या अंगठीपर्यंत जावं लागे, आणि जमलं असतं तर लेओटाच्या त्या बाबानं तीही घरीच ओतली असती. काडतुसं भरायची त्याची प्रेस तर नखशिखांत घरची. सांगाडा मोडीत निघालेल्या गवत कापायच्या यंत्राचा, दट्ट्या ट्रकच्या जाड पोलादी खिळीतून कातलेला आणि दांड्याच्या टोकाला जुन्या फोर्ड पिकअपच्या गिअरची काळी मूठ. स्वयंपाकघरामागच्या पडवीत ती बाकाला बोल्टनं आवळलेली होती. तिची खटखट ऐकत भांडी घासण्यात लेओटाचा सगळा संसार झाला होता.

आमच्या लेमहायच्या खोऱ्यात बंदूक नाही असं घर नाही. पण दंडक असा की दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. अपवाद एकटा ऑर्विल. लोक आपल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या त्याच्याकडे आणून टाकत आणि त्यानं भरून दिलेली काडतुसं डोळे मिटून वापरत. तो पैसे घेत नसे. मग कुणी हरणाची तंगडी आणून देई, कुणी हकलबेरीच्या रानफळांचा मुरांबा. ‘कशाला हो एवढं’ म्हणत लेओटा ते ठेवून घ्यायची आणि मनातून फुशारायची.

सत्त्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात शेजारच्या हॅग्लंडांची कॉरीन पहिल्यांदाच शिकारीला निघाली. पोरगी विशीतली, पण अंगानं अगदी काडी. तिचा बाप ड्वेन पुंगळ्या घेऊन आला.

"ऑर्विल, जरा मऊ भर रे. पहिल्याच बाराला खांदा निखळला तर पोरगी पुन्हा बंदुकीला हात लावायची नाही, आणि तिची आई मला घरात घ्यायची नाही."

"तुला घरात घेतात हेच पुष्कळ आहे," ऑर्विल म्हणाला आणि कामाला बसला. मऊ बार म्हणजे पुंगळीत बंदुकीची दारू कमी, अर्ध्याच्याही खाली.

ट्रेमध्ये पुंगळ्या उभ्या करून तो दारू घालत होता, तेवढ्यात बॉइझीहून त्याच्या बहिणीचा फोन आला. लेओटानंच त्याला हाक मारून बोलावलं. बोलून तो परत गेला, ट्रेसमोर क्षणभर नुसता उभा राहिला, मग त्यानं चमचा उचलला. लेओटानं हे भांडी पुसता पुसता पाहिलं आणि सोडून दिलं. संध्याकाळी ड्वेन काडतुसांची पेटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल पॅनकेकचं पीठ फेटत होता. त्यानं मीठ घातलं, खिडकीतून मॅगपाय पक्ष्याला शिवी हासडली आणि पुन्हा मीठ घातलं.

"अरे, घातलंस की मघाशी!"

"कधी? काहीतरीच तुझं. मी तर डबा आत्ता उघडला."

तो हसला. गेल्या वर्षभरात असं बऱ्याचदा झालं होतं. ट्रकची किल्ली फ्रीजमध्ये सापडली, मेलेल्या मित्राला फोन लावायला तो निघाला. दर वेळी लेओटानं वय झालं म्हणून वेळ मारून नेली होती. आज मात्र तिच्या डोळ्यांसमोर कालचा तो ट्रे आला. नेहमीचा भरगच्च बार असता तर दुसऱ्यांदा घातलेली दारू पुंगळीबाहेर सांडली असती, कुणालाही दिसली असती. मऊ बारात दुप्पट दारूही निमूट मावते, आणि मग बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावरच फुटते.

तिनं हॅग्लंडांकडे फोन लावला. "कॉरीन होय?" ड्वेन म्हणाला. "ती गेली खडीच्या खाणीत, निशाणा जुळवायला."

लेओटानं फोन आपटला. "अंडी आणते," असं नवऱ्याला सांगून ती घरातल्या सपाता पायात असतानाच ट्रकमध्ये चढली. खाणीच्या वळणावर तिला बार ऐकू आला. मग आणखी एक. दोन बारांमधली शांतता तिला सोसवेना. तिनं भोंगा दाबला तो थेट कॉरीनपाशी पोचेपर्यंत सोडला नाही.

पोरीनं बंदूक खाली घेतली. "काय झालं मिसेस टटल? ऑर्विल बरे आहेत ना?"

खरं ते लेओटाच्या ओठांवर आलं होतं. पण उद्या हॉटेलात कॉफी पिताना सगळं खोरं ऑर्विलबद्दल काय बोलेल, ते तिला आत्ताच ऐकू यायला लागलं.

"माझ्याच हातून घोटाळा झाला गं. झाडताना ट्रेला धक्का लागला. पुंगळ्या पडल्या, दारू इकडची तिकडे झाली. मी गुपचूप उभ्या करून ठेवल्या, त्याला बोललेच नाही. दे ती पेटी. बंदुकीतलंही काढ."

घरी आल्यावर नवऱ्याला मात्र तिनं काही लपवलं नाही. त्यानं वाद घातला नाही. एकेका काडतुसाची गोळी उपसून आतली दारू तो तराजूत घालत गेला. पहिली बरोबर निघाली, पुढच्याही बरोबर. लेओटाला वाटलं, आपण उगाच धसका घेतला. मग एका काडतुसातल्या दारूनं पारडं धाडकन खाली बसलं. ऑर्विलनं ती पुन्हा तोलली.

"कॉरीन बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवून नेम धरते," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. इतक्या वर्षांत लेओटानं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यानं पाना घेतला, प्रेसचा दांडा काढला आणि तिच्या हातात दिला.

"हा लपव. मी मागितला तरी देऊ नकोस. शिव्या घातल्या तरी नाही. कबूल?"

"कबूल."

तिनं तो फडक्यात गुंडाळून पिठाच्या मोठ्या डब्यात खुपसला.

संध्याकाळी ड्वेन हजर झाला. "काय हो लेओटा, शिकारीच्या तोंडावर तोफखान्यात झाडू? अहो, घर जरा घाण राहिलं असतं तर चाललं असतं!"

"ड्वेन, ऐक," ऑर्विल म्हणाला. "ते काही तिनं..."

लेओटानं त्याचा खांदा घट्ट दाबला. "चुकलं बाबा माझं. कॉफी घेणार ना?"

ऑर्विलनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. नवऱ्याचं नाव राखलं म्हणून त्या रात्री लेओटाला बरं वाटलं होतं.

बर्फ पडायला लागलं. बिनदांड्याच्या प्रेससमोर ऑर्विल तासन्‌तास बसू लागला. आता त्याचे डोळे अधू झालेत, असं लेओटानंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पुंगळ्या घेऊन कुणी येईना. जानेवारीत एकदा ड्वेन सहज डोकावला.

"दांडा कुठे गेला रे या प्रेसचा?"

"तिला विचार!" ऑर्विल उसळला. "माझा ट्रे पालथा केला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तुझी पोरगी मरता मरता वाचली. तेव्हापासून या खोऱ्यात माझ्याकडे कुणी एक पुंगळी आणत नाही. जन्मभर कमावलेलं नाव हिच्या झाडूनं घालवलं. वर दांडाही दडवून ठेवलाय."

ड्वेन ओशाळून टोपी चाचपू लागला. लेओटा नवऱ्याकडे बघत राहिली. तो थट्टा करत असेल, निदान डोळ्यांच्या कोपऱ्यात तरी काही दिसेल म्हणून तिनं निरखून पाहिलं. तसं काही नव्हतं. तराजू, ते खाली बसलेलं पारडं, त्याचं रडणं, सगळं पुसून गेलं होतं. तिनं रचलेलं तेवढं मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिला असा संताप आला की कप फेकावा आणि खरं काय ते दोघांनाही ओरडून सांगावं.

"बोल की," ऑर्विल म्हणाला. "खरं की नाही?"

"खरं आहे. माझ्याच हातून झालं."

"मग दे माझा दांडा."

लेओटा उठली. तिनं पिठाच्या डब्यात हात घातला. बोटांना फडक्यातली ती मूठ लागली. मुठीला तसंच ठेवून तिनं बाजूचं वाटीभर पीठ काढलं, झाकण लावलं आणि बिस्किटांसाठी मळायला घेतलं.