इंडिया तुझी, फॉरेन माझं

"खुर्चीवर नको बसू गो. पाव्हणे हायत."

शेठ हे सगळ्यांसमोर बोलला. पेणच्या त्याच्या कचेरीत अमेरिकेचं गिऱ्हाईक बसलं होतं आणि टेबलावर माझं खोकं होतं. "आमची आयडिया," शेठ गिऱ्हाइकाला सांगत होता. मी भिंतीला टेकून उभी. वर्षानुवर्षं त्याच्या गोदामात गणपती भरतेय. देवाला माझा हात चालतो. खुर्चीला मी चालत नाही.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती वाटेत फुटायच्या. कधी सोंड, कधी हात. शिव्या आम्हा पेंढा भरणाऱ्या बायांना. माझा नवरा रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. त्याला डबा द्यायला गेले तेव्हा तिथं ॲसिडचे काचेचे बुधले पिंजऱ्यात बसवलेले पाहिले आणि डोक्यात किडा वळवळला. मी खोक्यात कापडी पट्ट्यांवर पाट टांगला, त्यावर मूर्ती बांधली. धक्का बसला की पाट झुलतो, मूर्ती कशाला लागत नाही.

मुंबईला जाऊन पेटंटचा अर्ज केला. माझ्या नावानं. आपला देश नुकताच परदेशांबरोबरच्या पेटंटच्या करारात सामील झाला होता. वकीलबाईंनी बजावलं, "वर्षाच्या आत बाहेरच्या देशांत अर्ज केलात तर तारीख आजचीच धरतील. वर्ष चुकलं तर तिकडचा हक्क गेला."

गिऱ्हाईक गेलं. शेठनं परदेशातला हक्क त्याच्या नावावर करून देण्याचा कागद पुढं सरकवला.

"इंडिया तुझी, फॉरेन माझं. कर सही. पनवेलच्या पुढं तुला ओळखतो कोण?"

मी पेन उचललं होतं, खोटं कशाला बोलू? वाटलं, आपला देश आपल्याकडे राहतोय, पुष्कळ झालं. तेवढ्यात दारात टेम्पो भरताना दिसला. दादरला जाणाऱ्या मूर्ती. पेंढ्यात बसवलेल्या, उघड्या. इथं माझं खोकं लागतं कुणाला? लागतं ते बोटीनं जाणाऱ्या मूर्तींना. दाणे शेठला, टरफलं मला. 

पेन ठेवलं. खुर्ची ओढली. बसले.

"नाय शेठ. सही नाय करणार."

"वर्ष सरत आलंय. तिकडचा खर्च झेपणार हाय तुला?"

"नाय झेपलं तर हक्क बुडंल. मग तिकडं कुणीबी बनवू दे. तुमच्या एकट्याचं नाय होणार."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सारखी कॅलेंडरकडे नजर जाते. आधी अमेरिका, मूर्ती जास्त तिकडेच जातात. मॉरिशस जमलं तर. वकीलबाईंच्या दारात रोज उभं राहावं लागलं तरी राहीन. अर्ज गेला तर माझ्या नावानं जाईल. नाही गेला तर कुणाच्याच नावानं नाही. सही शेठला मिळणार नाही.