आत्याच्या लॅपटॉपची नवी ड्राइव्ह
माझी आत्या नंदाखाल गावात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती चर्चच्या गायनमंडळासाठी गीतांना चाली लावू लागली. त्यांचं स्वरलेखन ती एका जुन्या लॅपटॉपवर करायची. तो प्रोग्रॅम नव्या संगणकांवर चालत नव्हता, त्यामुळे नवा लॅपटॉप घेण्यात अर्थ नव्हता. जुना मात्र इतका रेंगाळायचा की बटण दाबून ती केळींना पाणी सोडून यायची.

मी जवळच्या शहरात, एव्हरशाईन सिटीत राहतो आणि ऑफिसात संगणकावर काम करतो. तेवढ्यावर घरच्यांनी मला जाणकार ठरवलेलं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवू, असं मी तिला सांगितलं. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, सगळं चिपवर साठतं, म्हणून वेग येतो. च्युइंगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई नावाची एसएसडी ड्राइव्ह मागवली आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आत्याच्या ओटीवर लॅपटॉप उघडला.

"एवढीशी आहे, मावेल की," आत्या म्हणाली.

"मावेल गं. पण ती जोडायला यात जागाच नाही."

पुढच्या रविवारी पट्टी आत ठेवून जुन्या डिस्कच्या जागी बसवायची एक डबी नेली. लॅपटॉपला ड्राइव्ह दिसलीच नाही. मग वाचत बसलो. अशा पट्ट्या दोन प्रकारच्या निघाल्या, साटा आणि एनव्हीएमई. डबी साटावाल्या पट्टीसाठी होती. जुन्या लॅपटॉपला सरळ अडीच इंची साटा ड्राइव्ह लागणार होती, डिस्कच्याच आकाराची. लॅपटॉपची जोडणी जुन्या पिढीची असल्यामुळे ती पूर्ण वेगाने धावणार नव्हती, पण चालणार होती.

ती आणली आणि यूएसबीच्या केबलने जोडून जुन्या डिस्कवरचं सगळं उतरवायला घेतलं. शेवटाकडे डिस्क अडखळली. एक फाइल वाचताच येईना. काकांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, अंत्यविधीच्या मिस्सासाठी तिने चाल लावलेलं गीत होतं ते. दुसरी प्रत नव्हती. मी तिला तसं सांगितलं.

"बाकीचं आलं ना?" तिने विचारलं.

"आलं."

"मग बसव."

नवी ड्राइव्ह बसवून मी बटण दाबलं. आत्या कान देऊन उभी राहिली.

"बंदच आहे की रे."

"चालू आहे. आवाज करत नाही ही. समोर बघ."

पडदा उजळलेला होता. तिने प्रोग्रॅम उघडला, कोरं पान घेतलं आणि ते गीत आठवून पुन्हा लिहायला बसली. गुणगुणत भराभर लिहीत गेली. तिसऱ्या कडव्याशी थांबली.

"इथं मी तेव्हा काय केलं होतं?"

 तिने दोनतीनदा गाऊन पाहिलं, मान हलवली आणि तिथे दुसरेच स्वर लिहिले. मी स्क्रूड्रायव्हर आवरत होतो.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या मिस्साला गायनमंडळाने ते गीत म्हटलं. मला फरक कळला नाही. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "तिसरं कडवं आता बरं झालंय. आधीचं जरा रडवं होतं."