पीलूचं बोरन्हाण

फोडणीत मोहरी करपली की मला शारजातली पीलूची फळं आठवतात, त्यांना तसाच उग्र वास होता. तीसेक वर्षांपूर्वी मी मुलाकडे तिकडे गेले होते. संक्रांत झाल्यावर नातवाचं बोरन्हाण ठरलं आणि तिथल्या रोल्ला भागातल्या दुकानांत बोरं मिळेनात. इमारतीमागच्या वाळूत एक रानटी झुडूप होतं, मण्यांएवढ्या लाल फळांनी लगडलेलं. पठाण वॉचमन ती येताजाता खायचा. मला म्हणाला, "पीलू है अम्मा, खाओ." मी ओटीभर तोडून आणली आणि हलव्यात, चुरमुऱ्यांत मिसळून बाळाच्या डोक्यावर ओतली. बाळानं चार-पाच तोंडात कोंबली, ती तिखट लागली आणि ते लाळ गाळत किंचाळू लागलं. सून ओरडली, "आई, काय विष घातलंत त्याला?" मुलगा गाडीची किल्ली शोधू लागला. मी सतरंजीवरची फळं गोळा केली आणि जमलेल्या बायकांसमोर चावून खाल्ली. थोड्या वेळानं बाळ चुरमुरे वेचू लागलं. सून मात्र संध्याकाळभर माझ्याकडे बघत राहिली, मी पडते का म्हणून. मी पडले नाही. तरी त्यानंतर तिनं बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवलं नसतं, पण हे मी तिला आजही सांगणार नाही.